आंजेल मावशीचा कोपरा

"मावशी, उठा तिथून," मी म्हणालो.

"नाय उठत," आंजेल मावशी म्हणाली.

"हे चार गडी सकाळपासून कुदळी घेऊन उभे आहेत."

"मग त्यांना बसायला सांग. उभं ऱ्हायला मी सांगितलंय?"

आणि तिने खरोखरच गड्यांना हाक मारून केळीच्या सावलीत बसवलं, कळशीतलं पाणी पाजलं, आणि परत येऊन होती तिथेच पाय पसरून बसली. मी फक्कीने आखलेल्या रेघेवर, अगदी बरोबर मधोमध. तिच्या तांबड्या लुगड्याला मागे पांढरी फक्की लागली होती. मला वाटलं, आता डोकं आपटून घ्यावं, पण आपटायलाही तिथे धड दगड नव्हता. तोच तर मी शोधत होतो.

ही १९८३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सांडवलीच्या शाळेत इतिहास शिकवत असे. माझं नाव बस्त्याव रुमाव, पण ते हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. गावाला मी मास्तर. घरात बायकोलासुद्धा मास्तरच. सांडवली म्हणजे वसईच्या किनारपट्टीतलं केळी आणि पानवेलींचं खेडं, सगळी ख्रिस्ती वस्ती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. गावात आज जे देऊळ आहे ते सव्वाशे वर्षांचं. पण त्याच्या कितीतरी आधी, फिरंग्यांच्या अमलात, सोळाव्या शतकात इथे दुसरं एक देऊळ होतं, सांत आंद्रेचं. मराठ्यांच्या स्वारीनंतर फिरंगी गेले, पाद्री गेले, छप्पर गेलं. भिंतींचे दगड लोकांनी आपापल्या विहिरींना आणि गोठ्यांना लावले. अडीचशे वर्षांत ते देऊळ इतकं साफ नाहीसं झालं की ते नक्की कुठे उभं होतं हेही कोणाला सांगता येईना.

मी तीन वर्षं त्याच्या मागे होतो. एका जुन्या पाद्रीच्या पत्राची नक्कल खटपटीने मिळवली होती. त्यात एवढंच होतं: खाडीच्या अलीकडे सांत आंद्रेचं देऊळ आहे, आणि त्याच्या उत्तरेला लागून दफनभूमी. आता खाडीच्या अलीकडे सांडवली आहे तशी शेजारची वांगोळीही आहे. वांगोळीवाल्यांना सांत आंद्रेचं नावसुद्धा माझ्या एका लेखातून कळलं होतं, पण लगेच ते म्हणायला लागले, देऊळ आमचंच. आयत्या बिळावर नागोबा. शेवटी वरून निरोप आला की जानेवारीअखेर जे गाव पुरावा दाखवील तिथे बिशपस्वामी स्मृतिस्तंभाची कोनशिला बसवतील आणि दरवर्षी तिथे सण भरेल. पुरावा म्हणजे देवळाचा पाया, नाहीतर दफनभूमीची खूण. दोन्हींपैकी काहीही एक.

तसं पाहिलं तर माझ्याकडे पुरावा होता. गावतळ्याच्या पायऱ्यांत एक कोरीव दगड मला सापडला होता. वर क्रूस, खाली फिरंगी अक्षरं, अर्धीअधिक झिजलेली. मी गावाने या कामासाठी नेमलेल्या समितीला सांगितलं, कोणी हात लावू नका, मी पुढच्या रविवारी मुंबईहून कागद आणून ठसा घेतो. समितीचा अध्यक्ष पेद्रू लोपीस. माझा शाळेतला सोबती, केळ्यांचा मोठा व्यापारी, मनाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. रविवारी मी कागद घेऊन आलो तर तळ्यावर दगड नाही.

"पेद्रू, दगड कुठे आहे?"

"अरे, काय घाणेरडा झालेला तो! बिशपना असा दाखवायचा? मी गवंड्याकडे पाठवला. बघच तू आता."

मी बघितला. गवंड्याने तो घासून घासून आरशासारखा गुळगुळीत केला होता, आणि त्यावर ताज्या ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं: पेद्रू जुझे लोपीस व कुटुंबीय यांजकडून.

"कसा झालाय?" पेद्रूने विचारलं.

त्या वेळी मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पेद्रूला शेवटपर्यंत कळलं नाही की मास्तर एवढा का भडकला. "नाव छोटं करून घेऊ या का?" असं त्याने मला दोनदा विचारलं.

तर दगड गेला. राहिली जमीन. जुन्या सरकारी नकाशात 'पाद्रीची वाडी' असं लिहिलेला एक तुकडा होता. तो आता जुझे घोन्साल्विसच्या नावावर होता, आणि जुझेने खणायला आनंदाने होकार दिला होता. त्याच वाडीच्या कडेला झोपडीवजा घरात त्याची म्हातारी चुलती एकटी राहायची. तीच ही आंजेल मावशी. पंचाहत्तरीला आलेली, गावाची जुनी सुईण. माझी स्वतःची नाळ तिनेच कापलेली, त्यामुळे माझ्याशी बोलताना ती इतिहासशिक्षकाशी बोलते आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

आठ दिवस आम्ही ती वाडी खणली. मावशीने एका शब्दाने अडवलं नाही, उलट गड्यांना कांजी करून घातली. सापडलं काय? कौलांचे तुकडे, कालवांचे शिंपले, बैलाचा नाल आणि ॲल्युमिनियमचा एक चमचा. उरला फक्त उत्तरेचा कोपरा, दहा-बारा पावलांचा. उन्हाळ्यात तिथे रानटी भुईचाफा उगवायचा, एरवी नुसती उघडी जमीन. पत्र म्हणत होतं, दफनभूमी उत्तरेला. आणि तिथे फक्की टाकली त्या क्षणापासून मावशी येऊन बसली ती बसलीच.

"मावशी, का ते तरी सांगा."

"मला नको हाय म्हणून."

"हे काय कारण झालं?"

"तुला देऊळ पायजे म्हणून तू माझी सगळी वाडी उकरलीस, तेव्हा मी इचारलं का, कशाला पायजे? मी कांजी घातली. आता मी सांगते, हा कोपरा नको. तू पण कांजी घाल."

चार दिवस हेच. मी जुझेकडे गेलो. जुझे म्हणाला, "मास्तर, जमीन माझी, कोपरा तिचा. मला त्यात घेऊ नका, मला जेवण तिच्याकडून येतं." मी आमच्या धर्मगुरूंकडे, फादर एलायसकडे गेलो. तरुण माणूस, नुकताच आलेला. ते तिच्याशी बोलायला गेले आणि दोन तासांनी तोंड पुसत परत आले.

"काय म्हणाली?"

"चिंबोऱ्यांचं कालवण फार छान करते हो," फादर म्हणाले.

"कोपऱ्याचं काय म्हणाली?"

"अरेच्चा! तो विषय राहिलाच."

दुपारी जेवताना मी हे सगळं रेमेदीनला, माझ्या बायकोला, ऐकवत असे. म्हणजे ओरडत असे. ती समोर बसून माशाचे काटे काढायची आणि ऐकायची.

"एका हट्टी म्हातारीपायी चारशे वर्षांचा इतिहास वांगोळीच्या घशात जाणार! लिहिता येत नाही, वाचता येत नाही. तिला काय ठाऊक त्या मातीखाली काय आहे ते?"

"तो कोपरा सोडा ना तुम्ही," रेमेदीन म्हणाली.

"सोडू? सगळी वाडी खणून झाली, तेवढाच उरलाय!"

"उरलाय तर उरू दे."

"तुला यातलं काही कळत नाही, तर बोलू नकोस."

ती ताट उचलून आत गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, मी आवाज चढवला म्हणून रागावली असेल. त्याचाही मला वैतागच आला. बाहेर आंजेल मावशी, समितीत पेद्रू, आणि आता घरात ही.

तीन दिवस राहिले तेव्हा मी एक युक्ती केली. तिची आजही मला लाज वाटते. मी फादर एलायसना सांगितलं, शनिवारी सकाळी गावातल्या जुन्या सुईणीचा सत्कार ठेवा. शाल द्या, नारळ द्या, शाळेच्या मुलींना गाणं म्हणायला लावा. फादर भाबडे. ते म्हणाले, "वा मास्तर, हे फारच सुंदर सुचलं." शनिवारी ते स्वतः आपल्या स्कूटरवरून मावशीला घेऊन गेले. ती केळीच्या पलीकडे दिसेनाशी झाली तसा मी गड्यांना म्हणालो, चला.

गडी हलले नाहीत. त्यांच्यातला वयस्क होता तो म्हणाला, "मास्तर, आमी हितं नाय खणणार."

"का?"

"आमच्या बायका सांगतात नको."

"तुमच्या बायकांचा इथे काय संबंध?"

त्याने खांदे उडवले. चौघेही कुदळी टाकून बांधावर जाऊन बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सदरा काढला, कुदळ उचलली आणि स्वतः खणायला लागलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, खडूशिवाय कशाला हात न लावलेला मी. पहिल्या चार घावांत भुईचाफ्याचे गड्डे निघाले. दोन फूट खाली गेलो आणि कुदळ कशावर तरी ठक्‌ करून बसली, मग आत गेली. मी गुडघ्यांवर बसून हाताने माती सारली. मडक्याचा काठ होता. कुदळीने त्याचा कडेचा तुकडा उडाला होता. आत काळी, ओली माती भरलेली.

मला इतका आनंद झाला की मी गड्यांकडे बघून ओरडलो, "सापडलं!"

कोणी उठलं नाही. ते माझ्या पाठीमागे बघत होते. मी वळलो. वाडीच्या वाटेने रेमेदीन धावत येत होती. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला. गेल्या दोन आठवड्यांत ती एकदाही इकडे फिरकली नव्हती.

"मास्तर, थांबा!"

"अगं, बघ काय मिळालंय."

"थांबा म्हणते ना!" तिचा आवाज फाटला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ती कुदळ टाका आधी."

मी टाकली. ती खड्ड्याशी येऊन बसली, मडक्याचा तो उडालेला तुकडा उचलला आणि जागच्या जागी लावून बघायला लागली.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "फिरंग्यांच्या वेळचं असेल ते."

"फिरंग्यांचं नाय. पंचवीस वर्षांचं हाय."

"तुला काय ठाऊक?"

"फिलोमिनाचं हाय हे."

"पेद्रूच्या बायकोचं? तिचं मडकं इथे कशाला येईल?"

रेमेदीनने मान वर केली. "मडकं नाय हो मास्तर. मूल. तिची पहिली मुलगी." मग तिने माझ्या पायांकडे हात केला. "आपला तिकडे हाय. तुमच्या डाव्या पायाशी."

"आपला कोण?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

मी पाय मागे घेतला. कुठे ठेवावा ते समजेना, तेव्हा मी तसाच एका पायावर उभा राहिलो. लांबून बघणाऱ्याला हसू आलं असतं.

एकसष्ट सालचा मे महिना होता. मी ओटीवर बसलो होतो. आत रेमेदीन, माझी आई आणि आंजेल मावशी. पहाटे आई बाहेर आली आणि म्हणाली, "मेलेलं झालं. मुलगा होता. तू सायकल काढ, रेमेदीनला ताप चढलाय, डाक्टरला आण." मी सायकल काढली. डॉक्टरला घेऊन आलो तोवर घर सारवून झालं होतं. खोलीत रेमेदीन भिंतीकडे तोंड करून पडलेली. मूल कुठेच नव्हतं. त्या काळी नियम होता, आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ होता: बाप्तिस्मा न झालेल्या जिवाला देवळाच्या दफनभूमीत जागा नाही. मग कुठे जागा आहे? ते मी विचारलं नाही. आईला नाही, मावशीला नाही, बायकोलाही नाही. पुढे आम्हाला दोन मुलं झाली, ती मुंबईत कॉलेजात होती. मी तीन वर्षं चारशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांच्या मागे हिंडत होतो आणि माझा स्वतःचा कुठे ठेवलाय ते मला ठाऊक नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"तुम्ही इचारलं नाय."

"आता तरी, हे चार दिवस, मी रोज घरी येऊन बोलत होतो..."

"तुम्ही ओरडत होतात," रेमेदीन म्हणाली. "मला म्हणालात, तुला यातलं काय कळत नाय."

तेवढ्यात बांधावरून आंजेल मावशी आली. एकटी, पायी, धापा टाकत. खांद्यावर सत्काराची नवी शाल, हातात नारळ. फादरच्या स्कूटरवर बसून जाताना तिने आमच्या दारात स्कूटर थांबवायला लावली होती आणि रेमेदीनला एवढंच सांगितलं होतं: तुझा मास्तर तिकडे गेलाय, तू जा. मग गाणं होईपर्यंत सत्काराला बसली आणि निघाली. तिने खड्ड्यात बघितलं. मला वाटलं, आता ती मला शिव्यांनी सोलून काढील. तिने नारळ खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसली.

"जीव असता ना पोरा, तर मीच पाणी ओतून बाप्तिस्मा दिला असता," ती म्हणाली. "सुईणीला तेवढा हक्क हाय. एक श्वास जरी घेतला तरी पुरतो. पण श्वासच नाय तर मी पाणी कोणावर ओतू? तेव्हाचा पाद्री म्हणायचा, बांधावर पुरा, रानात पुरा. कुत्र्यांनी उकरायला? माझ्या सासूनं मला हा कोपरा दाखवला. तिला तिच्या सासूनं. इथं मूळचं देऊळ होतं, ही त्याची माती, जुन्या पाद्रीनं आशीर्वाद दिलेली. देऊळ पडलं म्हणून आशीर्वाद पडत नाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? देऊळ इथेच होतं हे?"

"आमच्या आळीच्या सगळ्या बायांना ठाऊक हाय."

"आणि मी तीन वर्षं कागद शोधतोय! मला सांगायचं होतंत!"

"तुला?" मावशी म्हणाली. "तू लिहून काढलं असतंस."

मग तिने बसल्या जागेवरून बोटाने दाखवायला सुरुवात केली. वर काही नव्हतं. जानेवारीत भुईचाफ्याचं पानसुद्धा दिसत नाही. पण तिचं बोट कुठे चुकत नव्हतं. हा तुझ्या काकीचा. ती जुझेच्या आजीची. हे दोन जुळे, मान्याच्या बायकोचे. तो तिथे कडेला, तो माझा स्वतःचा. क्रूस लावता येत नसे, नाव नसे, म्हणून प्रत्येकावर एक चाफ्याचा गड्डा. नेताना भाजीच्या पाटीत घालून न्यायचं, वर विड्याच्या पानांचे कवळे रचायचे. वाटेत कोणी पुरुष भेटला तर त्याला वाटायचं, बाई बाजाराला निघाली. किती वेळा ती तशी माझ्या समोरून गेली असेल, आणि मी "मावशी, बाजार का?" म्हणालो असेन, कोण जाणे.

मला हवा होता तो सगळा पुरावा माझ्यासमोर बसून बोट दाखवत होता. देऊळ, त्याच्या उत्तरेची दफनभूमी, आणि अडीचशे वर्षं एकदाही न तुटलेला तिचा वापर. असा पुरावा जगात कोणा इतिहासकाराला मिळाला नसेल. आणि तो दाखवायचा म्हणजे बिशपस्वामींना, पेद्रूला, फोटोवाल्याला बोलावून इथे उभं करायचं, आणि कुदळी चालवायच्या.

मावशीने घरातून एक कोरं मडकं आणलं. फुटलेलं उचलायचं नव्हतं, त्याच्यावरच ते उपडं घातलं. आम्ही तिघांनी हातांनी माती लोटली. उपटलेले गड्डे रेमेदीनने परत लावले. गडी बांधावर डोक्यावरचे टॉवेल काढून उभे होते. मावशीने प्रार्थना म्हटली, तिच्या खास घाईघाईच्या पद्धतीने, आणि शेवटी मला म्हणाली, "आता सदरा घाल. थंडी बाधेल."

सोमवारी समितीची बैठक झाली. शाळेच्या वर्गातच, मुलांच्या बाकांवर पंधरा माणसं दाटीवाटीने बसलेली.

"बोल मास्तर," पेद्रू म्हणाला. "कोपरा खणलास ना? काय निघालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तिथे देवळाची काही खूण नाही."

आयुष्यभर मी मुलांना बजावत आलो की पुरावा लपवणं हे इतिहासातलं सगळ्यात मोठं पाप. ते मी पंधरा माणसांसमोर, माझ्याच फळ्यापुढे उभं राहून केलं.

"म्हणजे वांगोळीला जाणार?"

"जाऊ दे."

"जाऊ दे?" पेद्रू उठून उभा राहिला. बाक करकरला. "तीन वर्षं आम्हाला नाचवलंस! दगडाला हात लावला म्हणून चारचौघांत माझी अब्रू काढलीस. आणि आता म्हणतोस जाऊ दे? तुझ्यापेक्षा माझा गवंडी बरा, त्यानं निदान काहीतरी कोरून दाखवलं!"

सगळे हसले. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला तिथल्या तिथे सरळ केला असता. शब्द जिभेवर होते. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या मडक्याचा उडालेला काठ होता, आणि तो माझ्या हातून उडालेला होता. मी कागद गोळा करून बाहेर पडलो. पेद्रू माझ्या मागोमाग अंगणापर्यंत आला, कारण त्याचं अजून पोट भरलं नव्हतं.

"पळतोस काय? उत्तर दे ना!"

"पेद्रू," मी म्हणालो, "घरी जा आणि फिलोमिनाला विचार."

"काय विचारू?"

"तुमची पहिली मुलगी कुठे आहे ते विचार."

मावशीने पुरुषांना सांगू नको असं मला बजावलं नव्हतं. मला ते बजावायची गरज तिला वाटली नसावी. पण मी सांगितलं. रागाने सांगितलं की दुसऱ्या कशाने, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पेद्रू वळला आणि चालू लागला. इतका मोठा माणूस, पण त्याचा आवाज न होता तो चाललाय असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वांगोळीवाल्यांनी एका जुन्या चुनाभट्टीची भिंत दाखवून तीच देवळाची भिंत म्हणून सांगितलं. त्यांना स्तंभ मिळाला. आजही तिथे दरवर्षी सण भरतो आणि जाणकार म्हणून मला हार घालून भाषणाला उभं करतात. मी उभा राहतो. भट्टीच्या भिंतीकडे हात करून बोलतो. समोरच्या रांगेत सांडवलीच्या बायका बसलेल्या असतात, शांतपणे, आणि माझं भाषण संपलं की टाळ्या पहिल्यांदा त्याच वाजवतात.

पण ते पुढचं. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होतो तर अंगणात पेद्रू उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. त्याने दाढी केली नव्हती. तो आमच्या ओटीच्या तुळईकडे बघत राहिला, जणू तिची किंमत करतोय. रेमेदीन दारात आली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

"मी ओटीवर बसलेलो तेव्हा," पेद्रू शेवटी म्हणाला. "मुलगी झाली, मेलेली, एवढंच सांगितलं मला. मी बरं म्हणालो." मग म्हणाला, "मास्तर, कुदळ तू मारलीस?"

"हो."

"तिच्यावर?"

खोटं बोलायची मला नुकतीच सवय झाली होती. पण जमलं नाही.

"मडक्याचा काठ फुटला, पेद्रू. एवढाच. आत काही लागलं नाही. मग आम्ही त्यावर नवीन मडकं घातलं. परत नीट पुरलं. आंजेल मावशीने प्रार्थना म्हटली."

"कोण कोण होतं?"

"मावशी, रेमेदीन आणि मी. आणि ते गडी."

मला वाटलं, तो आता ओरडेल. त्याने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं, मला त्याची सवय होती. पण त्याने बोटांवर माणसं मोजली.

"म्हणजे माती द्यायला माणसं होती," तो म्हणाला. "गडीसुद्धा होते." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "मला बोलवायचं होतंस रे, मास्तर. पाच मिनिटांवर तर माझं घर हाय."